मेंदूचं जाळं आणि फांदीवरचा कावळा

मेंदूच्या राखाडी चित्रावर लाल-निळ्या रेषांचं जाळं विणलेलं तुम्ही कधी ना कधी पाहिलं असेल. खाली ओळ असते: अमुक आजार असलेल्यांच्या मेंदूतल्या या जोडण्या निरोगी माणसांपेक्षा कमकुवत आढळल्या. चित्र देखणं असतं, त्यामुळे पटतंही लगेच. त्यातली एकेक रेषा कुठल्या चाळणीतून खाली आली, हे मात्र चित्र सांगत नाही. सगळी गोम तिथेच आहे.

आधी ती रेषा म्हणजे काय ते पाहू. एफएमआरआय स्कॅनरमध्ये माणसाला काही मिनिटं नुसतं पडून राहायला सांगतात. मेंदूचा एखादा भाग जास्त काम करू लागला की तिथला रक्तपुरवठा वाढतो, रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण बदलतं आणि यंत्र तो बदल टिपतं. मग संगणकावर मेंदूचे ठरावीक भाग पाडतात. एएएल नावाचा एक जुना, भरपूर वापरला गेलेला नकाशा आहे. लहान मेंदू सोडला तर त्यात ९० भाग आहेत. प्रत्येक भागाच्या चढउताराचा एक आलेख मिळतो. दोन भागांचे आलेख बरोबरीने वर-खाली होत असतील, तर म्हणायचं यांची जोडणी घट्ट. नसतील तर सैल. रेषा म्हणजे एवढंच, दोन आलेखांमधला सहसंबंध. त्या जागी प्रत्यक्षात मज्जातंतूंचा जुडगा असेलच असं नाही. चित्र बघताना हे हटकून विसरलं जातं.

आता मोजदाद. ९० भागांपैकी प्रत्येकाची उरलेल्या ८९ भागांशी जोडी लावली आणि दुहेरी मोजलेल्या जोड्या वगळल्या, तर ४,००५ जोडण्या होतात. भाग वाढले की जोडण्या नुसत्या वाढत नाहीत, उसळतात. २६४ बिंदूंच्या नकाशात त्या ३४,७१६ होतात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका नकाशात मेंदूच्या प्रत्येक अर्ध्या गोलात १८० असे एकूण ३६० भाग आहेत, तिथे ६४,६२०. भाग चौपट केले तर जोडण्या साधारण सोळापट. नकाशा बारीक केल्याचा आनंद इथे महागात पडतो.

समजा, एका आजाराचे २५ रुग्ण आहेत आणि २५ निरोगी माणसं. प्रत्येक जोडणीसाठी आपण एकच प्रश्न विचारतो: या दोन गटांत फरक आहे का? उत्तरादाखल पी-व्हॅल्यू मिळते. तिचा अर्थ असा, की दोन गटांत मुळात काहीच फरक नसता तरी निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता किती. ती ०.०५ च्या खाली आली, तर फरक ‘लक्षणीय’ म्हणायचा रिवाज आहे. म्हणजे काहीही नसताना वीसातून एकदा फसायला आपण आधीच राजी झालेलो असतो.

एका प्रश्नापुरता हा सौदा वाईट नाही. पण वीस स्वतंत्र प्रश्न विचारले, तर निदान एकदा तरी फसण्याची शक्यता ६४ टक्क्यांवर जाते. शंभर विचारले तर फसणं जवळजवळ ठरलेलंच. आपण विचारतोय ४,००५. त्यांचे पाच टक्के म्हणजे २००. दोन्ही गटांत तसूभरही फरक नसला, तरी सरासरी २०० रेषा ‘लक्षणीय’ म्हणून चमकतील आणि त्यांचं चित्रही तितकंच देखणं येईल.

हे मनाला पटायला जड जातं, म्हणून नाण्याकडे वळू. एखाद्याने नाणं दहा वेळा उडवलं आणि दहाही वेळा छापा पडला, तर आपण नाण्याकडे संशयाने बघू, कारण असं घडण्याची शक्यता १,०२४ मध्ये एक. पण ४,००५ माणसं एकाच वेळी नाणी उडवत असतील, तर त्यांच्यातल्या चौघांना दहाच्या दहा छापे पडणं हेच अपेक्षित आहे. त्या चौघांना बाजूला काढून त्यांच्या मनगटाची रचना अभ्यासायला घेणं हे हास्यास्पद वाटेल. रेषांच्या बाबतीत मात्र तसं वाटत नाही, कारण निवडून आलेल्या प्रत्येक रेषेला मेंदूतली दोन भारदस्त नावं चिकटलेली असतात आणि त्या दोघांची एखादी गोष्ट रचायला वेळ लागत नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडली, असं आपण म्हणतो. हजारो फांद्यांवर हजारो कावळे बसत असतील, तर काही फांद्या त्याच क्षणी मोडणारच. प्रश्न एवढाच, की मोडलेल्या फांदीपाशी उभं राहून कावळ्याच्या वजनावर निबंध लिहायचा का.

असा निबंध मुद्दाम लिहून दाखवणारेही निघाले. क्रेग बेनेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक मेलेला सॅमन मासा स्कॅनरमध्ये ठेवला, त्याला माणसांचे फोटो दाखवले आणि फोटोतल्या माणसाची भावना ओळखायला सांगितलं. कुठलीही दुरुस्ती न करता विश्लेषण केल्यावर ८,०६४ व्हॉक्सेलपैकी, म्हणजे स्कॅनमधल्या बारीक घनांपैकी, १६ घन ‘सक्रिय’ निघाले आणि त्यांतले काही थेट माशाच्या मेंदूत होते. दुरुस्ती केल्यावर, आणि तीही बरीच ढिली ठेवून, एकही उरला नाही. २००९ साली एका परिषदेत हे पोस्टर लागलं आणि २०१२ मध्ये त्याला इग नोबेल, म्हणजे गमतीदार संशोधनासाठीचं पारितोषिक, मिळालं. लोक हसले. माशाच्या स्कॅनमधले घन आठ हजार होते. जाळ्यातल्या जोडण्या त्याच्या कितीतरी पट असू शकतात, हे लक्षात आलं की हसू जरा आवरतं.

मग दुरुस्ती करायची कशी? सगळ्यात सरळ उपाय इटालियन गणिती बोनफेरोनी यांच्या नावाने ओळखला जातो. जितके प्रश्न, तितक्याने ०.०५ ला भागा. ४,००५ जोडण्या असतील तर उंबरठा येतो ०.००००१२५. याच्या खाली आलेलीच जोडणी खरी मानायची. एवढं केलं की अख्ख्या अभ्यासात एकही खोटी रेषा शिरण्याची शक्यता पाच टक्क्यांच्या आत राहते. हमी पक्की आहे, पण सुक्याबरोबर ओलंही जळतं. २५-२५ माणसांच्या अभ्यासात मध्यम आकाराचा खरा फरक इतक्या खाली क्वचितच पोहोचतो. शिवाय जाळ्यातल्या जोडण्या एकमेकींपासून स्वतंत्र नसतात. एका भागाचा आलेख ८९ जोडण्यांत सामील असतो. तो हलला की त्या सगळ्या थोड्याथोड्या हलतात. बोनफेरोनी यांच्या हिशेबात या नात्याची दखलच नाही, म्हणून तो गरजेपेक्षा जास्त कडक ठरतो. चुकत नाही, पण देतही काही नाही.

दुसरा मार्ग बेंजामिनी आणि हॉखबर्ग यांनी १९९५ साली मांडला. त्यांनी प्रश्नच बदलला. एकही खोटी रेषा नको, हा हट्ट सोडा, म्हणाले. निवडलेल्या रेषांमध्ये खोट्यांचं प्रमाण सरासरी पाच टक्क्यांच्या आत राहिलं तर चालेल का? या प्रमाणाला फॉल्स डिस्कव्हरी रेट म्हणतात, बोलताना एफडीआर. करायचं असं: सगळ्या पी-व्हॅल्यू चढत्या क्रमाने लावायच्या आणि प्रत्येकीला तिच्या क्रमांकानुसार वेगळा उंबरठा द्यायचा. दहाच जोडण्या घेऊन करून बघू. समजा पी-व्हॅल्यू आल्या ०.००१, ०.००४, ०.०१२, ०.०१९, ०.०३ आणि पुढच्या पाच ०.०५ च्या वर. उंबरठे होतात ०.००५, ०.०१०, ०.०१५, ०.०२०, ०.०२५ असे चढत जाणारे. पहिल्या चार बसतात. पाचवी ०.०३ आहे आणि तिचा उंबरठा ०.०२५, म्हणून ती बाहेर. पुढच्याही आपापल्या उंबरठ्याच्या वरच राहतात. हाती लागल्या चार. बोनफेरोनी यांच्या हिशेबाने सगळ्यांना ०.००५ हा एकच उंबरठा असता आणि दोनच उरल्या असत्या. काहीच दुरुस्ती केली नसती, तर पाच.

एफडीआरबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. शंभर रेषा निवडून आल्या, तर त्यांतल्या बरोबर पाच खोट्या आहेत असं त्यावरून म्हणता येत नाही. पाच टक्के ही अनेक अभ्यासांवरची सरासरी आहे. तुमच्या हातातल्या अभ्यासात एकही खोटी नसेल, किंवा वीस असतील. आणि कुठल्या, ते तर कळतच नाही. तरीही एकेका जोडणीबद्दल बोलायचं असेल, तर हा मार्ग मला बोनफेरोनीपेक्षा माणसाळलेला वाटतो.

पण या दोन्ही पद्धतींना आपल्यासमोर जाळं आहे हे माहीतच नाही. त्यांच्यासाठी ४,००५ जोडण्या म्हणजे पोत्यातले सुटे दाणे. कुठला दाणा कुणाशेजारी होता, याच्याशी त्यांना देणंघेणं नाही. आजार मेंदूत शिरतो तेव्हा मात्र सुट्या रेषा वेचून बिघडवत बसण्यापेक्षा एकमेकींना लागून असलेल्या रेषांचा एखादा पट्टा बिघडवण्याची शक्यता जास्त. हीच समजूत हाताशी धरून अँड्र्यू झालेस्की, अॅलेक्स फोर्निटो आणि एड बुलमोर यांनी २०१० साली नेटवर्क-बेस्ड स्टॅटिस्टिक ही पद्धत सुचवली. तिला सगळे एनबीएस म्हणतात. मेंदूच्या जाळ्यावर काम करणाऱ्याला ही आज ना उद्या भेटतेच, म्हणून तिच्यापाशी जरा थांबू.

पहिली पायरी: एक प्राथमिक उंबरठा ठरवा आणि तो ओलांडणाऱ्या सगळ्या रेषा ठेवा. या टप्प्यावर दुरुस्ती नाही, म्हणजे खोट्या रेषाही भरपूर आत येणार. दुसरी: उरलेल्या रेषांपैकी कुठल्या एकमेकींना जोडलेल्या आहेत ते पाहा. एका भागातून निघून रेषांवरून चालत जिथवर पोहोचता येतं, तो सगळा मिळून एक सलग तुकडा. सगळ्यात मोठ्या तुकड्यात किती रेषा आहेत ते मोजा. समजा ३८ आल्या.

३८ हे मोठं की लहान? याचं उत्तर कुठल्याही कोष्टकात नसतं, ते हातातल्या माहितीकडूनच वदवून घ्यावं लागतं. पन्नास माणसांच्या गळ्यातल्या ‘रुग्ण’ आणि ‘निरोगी’ या पाट्या काढून घ्या, पिसा आणि कुणालाही कुठलीही पाटी अडकवा. आता गटांना काही अर्थ उरला नाही. जो फरक दिसेल तो निव्वळ योगायोगाचा. याच माहितीवर, याच उंबरठ्याने पुन्हा सगळं करा आणि सगळ्यात मोठ्या तुकड्याचा आकार लिहून ठेवा. असं ५,००० वेळा. समजा त्यातल्या ९० वेळा योगायोगानेच ३८ किंवा त्याहून मोठा तुकडा निघाला. ९० भागिले ५,००० म्हणजे ०.०१८. हीच आपल्या तुकड्याची दुरुस्त केलेली पी-व्हॅल्यू. सगळी गंमत ‘सगळ्यात मोठा’ या दोन शब्दांत आहे. प्रत्येक फेरीत योगायोगाच्या अख्ख्या फौजेतला सगळ्यात दांडगा गडी निवडून आपण त्याच्याशी झुंज लावतो, त्यामुळे प्रश्न किती विचारले याचा हिशेब आपोआप चुकता होतो. जोडण्यांचं आपसातलं नातंही सुटत नाही, कारण पाट्या बदलतात, माणसांचे मेंदू तेच राहतात.

पाट्या पिसण्याची ही खटपट टाळून नुसतं चित्र बघूनच का ठरवू नये? ‘एवढ्या रेषा एकमेकींना जोडलेल्या आहेत, हा योगायोग कसा असेल’ असा युक्तिवाद मी अनेकदा ऐकलाय. १९६० साली एर्डोश आणि रेनी या हंगेरियन गणितींनी दाखवलं, की काही बिंदूंमध्ये अंदाधुंद रेषा ओढत गेलं, तर रेषांची संख्या बिंदूंच्या निम्म्यापलीकडे गेल्यावर एक प्रचंड सलग तुकडा आपसूक तयार होतो. आपल्याकडे बिंदू ९०, म्हणजे ४५ रेषांपलीकडे हा चमत्कार सुरू. आणि प्राथमिक उंबरठा ०.०५ ठेवला तर निव्वळ योगायोगाच्या रेषाच येतात २००! त्या पुरत्या विस्कळीत पडल्या तरी ९० पैकी जवळजवळ सगळे भाग एकाच तुकड्यात गुंफले जातील. उंबरठा ०.०१ केला तर योगायोगाच्या रेषा सरासरी ४०, अगदी काठावर. ०.००१ केला तर चार, त्या बहुतेक वेळा सुट्या-सुट्याच पडणार. तेव्हा ‘जोडलेलं जाळं सापडलं’ हे वाक्य एकटं काहीच सिद्ध करत नाही. पाट्या पिसल्यावरही तेवढंच जाळं सापडतं का, हे विचारावं लागतं.

एनबीएसची खरी किंमत शेवटी लिहायच्या वाक्यात मोजावी लागते, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. ०.०१८ ही पी-व्हॅल्यू त्या अख्ख्या तुकड्याची आहे, त्यातल्या ३८ रेषांपैकी एकीचीही नाही. ‘या तुकड्यात कुठेतरी गटांमध्ये फरक आहे’ एवढं म्हणता येतं. ‘हिप्पोकॅम्पस आणि अमुक भागातली जोडणी कमकुवत झाली आहे’ हे म्हणता येत नाही, मग ती रेषा तुकड्याच्या अगदी मध्यावर का असेना. ती कदाचित पहिल्या पायरीला आत आलेल्या खोट्या रेषांपैकी असेल आणि खऱ्यांच्या ओळखीवर तुकड्यात घुसली असेल. निष्कर्षाच्या परिच्छेदात लेखक तुकड्याबद्दल अचूक बोलतात आणि दोन पानांनंतर चर्चेत एकेका रेषेची कहाणी रंगवायला घेतात. हे उसन्या पैशावरचं लग्न आहे. एकेका रेषेबद्दलच बोलायचं होतं, तर आधीच एफडीआरकडे जायला हवं होतं. एनबीएसची ताकद तुकड्याला एकगठ्ठा तपासण्यातून येते, आणि तुकडा फोडून सांगायला लागलं की ती संपते. उलट, आजाराने सुट्यासुट्या, एकमेकींना न भिडणाऱ्या चार-दोन रेषाच बिघडवल्या असतील, तर एनबीएसला त्या दिसणारही नाहीत.

तुकडे तपासण्याची ही कल्पना जाळ्यापुरती नाही. मेंदूतल्या शेजारशेजारच्या घनांच्या पुंजक्यांसाठी ती आधीपासून वापरात होती. तिथे २०१६ मध्ये मोठी खळबळ झाली. अँडर्स एकलुंड, थॉमस निकोल्स आणि हान्स क्नुटसन यांनी निरोगी माणसांच्या विश्रांतीतल्या स्कॅनमधून बनावट गट पाडून प्रचलित सॉफ्टवेअरचे पुंजके तपासले. पाच टक्के खोटे निष्कर्ष अपेक्षित असताना काही परिस्थितींत ते ७० टक्क्यांपर्यंत गेले. दोष पुंजक्यांच्या कल्पनेत नव्हता. योगायोगाने केवढा पुंजका पडू शकतो, हे ठरवताना सूत्रांनी मेंदूच्या माहितीबद्दल जी गृहीतकं धरली होती ती खरी नव्हती, विशेषतः प्राथमिक उंबरठा ढिला ठेवल्यावर. पाट्या पिसून काढलेली उत्तरं बहुतांश ठिकाणी टिकली.

राहता राहिला प्राथमिक उंबरठा. तो किती ठेवायचा हे एनबीएस सांगत नाही. ते माणसाने ठरवायचं असतं. ढिला ठेवला तर पसरट, सौम्य फरक सापडतात. कडक ठेवला तर मोजक्याच पण ठसठशीत रेषांचा तुकडा. दोन्ही रास्त आहेत. रास्त नाही ते असं: आधी ०.०१ ने पाहिलं, काही मिळालं नाही; मग ०.००५, मग ०.०२, आणि जिथे तुकडा सापडला तोच आकडा लेखात. तुम्ही ४,००५ प्रश्नांची दुरुस्ती केलीत, पण पाच-सहा वेळा नव्याने विचारलेल्या प्रश्नाची केली नाहीत. तसंच नकाशाचं, तसंच डोक्याच्या हालचालीचा परिणाम काढायच्या पद्धतीचं, तसंच जाळ्याच्या घनतेचं, म्हणजे जाळ्यात किती रेषा ठेवायच्या त्याचं. बोनफेरोनीत काही उरलं नाही म्हणून एफडीआर, तिथेही नाही म्हणून एनबीएस, हा प्रवास तर इतका परिचयाचा आहे की कुणाला खटकतही नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रकल्पात ७० चमूंना एकच एफएमआरआय माहिती आणि तेच ९ प्रश्न दिले होते. कुठल्याही दोन चमूंनी अगदी एकसारख्या पायऱ्या वापरल्या नाहीत आणि काही प्रश्नांवर उत्तरंही चांगलीच फाटली. एकाच चमूने त्यातल्या दहा वाटा गुपचूप चालून पाहिल्या आणि एकच सांगितली, तर वाचणाऱ्याला कळायला मार्ग नाही. म्हणून उंबरठा आधी लिहून ठेवावा, आणि अनेक उंबरठे पाहिलेच तर सगळ्यांचे निकाल छापावेत.

प्रश्नच कमी विचारणं हा उपाय त्याहून स्वस्त, पण आवडता नाही. आधीच्या संशोधनावरून दहाच जोडण्यांवर संशय असेल तर त्या दहाच तपासा. मग बोनफेरोनीचा उंबरठाही ०.००५ वर येतो, जो गाठता येण्यासारखा आहे. अट एकच, ती दहा नावं स्कॅन उघडण्याआधी कागदावर असायला हवीत.

आणि एक गोष्ट यातल्या कुठल्याही दुरुस्तीच्या आवाक्यात नाही. २०१२ च्या सुमारास अनेक गटांनी दाखवून दिलं, की स्कॅनरमध्ये डोकं मिलिमीटरच्या अंशाने हललं तरी जवळच्या भागांमधल्या जोडण्या घट्ट आणि लांबच्या सैल झाल्यासारख्या दिसतात. रुग्ण निरोगी माणसांपेक्षा जास्त चुळबुळ करत असतील, तर हा फरक योगायोग नसतो. तो दर वेळी, त्याच दिशेने येतो. पाट्या पिसल्या की चुळबुळे आणि स्वस्थ दोन्ही गटांत मिसळून जातात आणि फरक नाहीसा होतो. पाट्या जागच्या जागी ठेवल्या की तो परत येतो. म्हणजे डोक्याच्या हालचालीतून उगवलेला तुकडा ५,००० फेऱ्यांच्या परीक्षेत पहिल्या श्रेणीत उत्तीर्ण होतो आणि मेंदूच्या चित्रावर लाल रंगात छापला जातो. लेखात जाळ्याचं चित्र दिसलं, की मी आधी दोन्ही गटांच्या डोक्याच्या हालचालीचं कोष्टक शोधतो.